हलगीचा कॉन्चेर्टो आणि तो फिरणारा मेसेज

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सहा जणांनी पाठवला. त्यातला एक माझा सख्खा साडू. मजकूर थोडक्यात असा: 'सोलापुरात म्हणे कुणीतरी हलगीसाठी कॉन्चेर्टो लिहितोय. कॉन्चेर्टो हे पियानो-व्हायोलिनचं काम. हलगीला सूर नाही. तिच्यापुढं वाद्यवृंद ऐकूच येणार नाही. तिचं वाजवणं कागदावर उतरत नाही. आणि दवंडीचं वाद्य रंगमंचावर आणणं ही संगीताची थट्टा आहे.' खाली हात जोडल्याचं चित्र.

तो 'कुणीतरी' मीच. तेव्हा उत्तर देणं आलं.

पियानो-व्हायोलिनचं आधी. कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढं, बाकी वाद्यवृंद मागं, आणि दोघांत कधी गप्पा, कधी भांडण. पुढं कोण बसणार हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आल्ब्रेख्ट्सबर्गर हा बीथोवनचा गुरू. त्यानं अठराव्या शतकातच मोरचंगासाठी कॉन्चेर्टो लिहिले. तेच ते, दातांना टेकवून बोटानं छेडायचं. इंग्लंडच्या वॉन विल्यम्सनं १९५४ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, ट्यूबासारख्या अगडबंब पिपाणीला पुढं बसवलं. चीनच्या टान डूननं १९९८ मध्ये चक्क पाण्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला, वादक पाण्याच्या भांड्यांत हात घालून वाजवतो. आपल्याकडं रविशंकरांचा सतारीचा १९७१चा, आणि झाकीर हुसेन यांचा तबल्याचा 'पेशकार' २०१५ मध्ये मुंबईतच झाला. मेसेज लिहिणाऱ्यानं यातलं एकही ऐकलेलं दिसत नाही.

आता सूर. नेमका सूर नसलेल्या वाद्यांनी कॉन्चेर्टो पेलल्याला शंभर वर्षं होत आली. फ्रान्सच्या मियोनं १९३० च्या सुमारास निव्वळ तालवाद्यांसाठी लिहिला. आइसलँडच्या मॉसोननं १९८२ मध्ये एकट्या स्नेअर ड्रमसाठी वाद्यवृंदासह रचना केली. पण खरं सांगायचं तर हलगीला सूर नाही हेच मला पटत नाही. ती एकाच सुरावर थांबत नाही, एवढंच.

आमचे हलगी वाजवणारे वस्ताद मोहोळकडचे. तालमीला आले की आधी अंगणात रद्दी आणि उसाचं पाचट पेटवतात, हलगी त्यावर धरून फिरवतात, मध्येच अंगठ्याच्या नखानं टिचकी मारून कान लावतात. "अजून वली हाय." पुन्हा जाळावर. पान, म्हणजे हलगीचं चामडं, ताणलं की डाव्या हातातल्या बारीक काडीचा आवाज काचेसारखा कडक येतो, उजव्या हातातल्या टिपऱ्याचा त्याखाली घुमतो. कडेला एक, मधोमध दुसरा, तळव्यानं दाबून तिसरा. आणि पंधरा-वीस मिनिटांत पान गार होऊन सगळं हळूहळू खाली उतरतं. पहिले दोन महिने या उतरण्यानं मला रडवलं. सभागृहात पाचट पेटवता येत नाही. विंगेत इलेक्ट्रिक शेगडी ठेवता येते, पण वादक मध्येच उठून जाणार कसा? फायबरच्या पानाची हलगी मिळते, ती उतरत नाही, पण वाजते पत्र्यासारखी. शेवटी उतरणं हेच रचनेत घेतलं. पहिला भाग कडक हलगीचा. दुसरा, संथ भाग त्याच सैल पडत चाललेल्या हलगीसाठी, खाली फक्त चेलो आणि डबल बास. तिसऱ्या भागाला विंगेतून दुसरी, ताजी शेकलेली हलगी येते. जिला सूर नाही म्हणतात, तिच्या सुरावरच तिन्ही भागांचा आराखडा उभा आहे.

वाद्यवृंद ऐकू येणार नाही, हा मुद्दा मात्र खरा आहे. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत हलगीशेजारी उभं राहून कुणाशी बोलून बघा. सगळ्यांनी एकदम वाजवलं तर व्हायोलिनवाल्यांनी घरीच बसावं. म्हणून एकदम वाजवायचं नाही. स्पेनच्या रोद्रिगोला गिटारच्या कॉन्चेर्टोच्या बाबतीत उलटी अडचण होती, वाद्य फार हळू. त्यानं वाद्यवृंद विरळ करून जागा काढली. मी हलगीलाच विरळ करतोय. बऱ्याच जागी वस्ताद नुसत्या काडीनं, कडेवर, जेमतेम वाजवतात. तिथली लय मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवरून उचलली आहे. लहानपणी धोट्याच्या खटखटीवरच झोप लागायची. (मग यंत्रमागच का नाही पुढं बसवला, असं एकानं विचारलं. लेरॉय अँडरसननं १९५० मध्ये टाइपरायटरला वाद्यवृंदापुढं बसवलंच होतं की. पण माग कुणासाठी हळू होत नाही, आणि मला संथ भाग हवा होता.)

कागदाचं फार ताणत नाही. बीथोवनच्या तिसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या पहिल्या प्रयोगाला, १८०३ मध्ये, पानं उलटायला बसलेल्या माणसाला पियानोची पानं जवळजवळ कोरीच दिसली होती. वाद्यवृंदाचं लिहिलेलं हवं, ते मी लिहितो. वस्ताद तोंडानं बोल म्हणतात, तेही उतरवून घेतो. त्यांना कागद लागत नाही, मला लागतो.

राहिली थट्टा. सनई पूर्वी दारात वाजायची, देवळाच्या आणि लग्नघराच्या. बिस्मिल्ला खाँ तिला मैफलीत घेऊन बसले आणि २००१ मध्ये भारतरत्न झाले. तेव्हा दारातलं वाद्य आत येण्यावर खरी हरकत नसावी. हलगी पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्तीतल्या माणसांनी वाजवली, मिरवणुकीत पुढं नाचणाऱ्यांनी नंतर त्यांना पंक्तीत कुठं बसवलं, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. मेसेजमध्ये तो शब्द नाही. 'दवंडीचं वाद्य' एवढं लिहून काम भागवलंय.

मेसेज वस्तादांना वाचून दाखवला. ते चहा पीत होते, काही बोलले नाहीत. तिसऱ्या भागाच्या तालमीत मात्र मी हलगीला दिलेल्या चार मात्रांच्या विश्रांतीवर अडले.

"मास्तर, हितं म्या गप का?"

"तिथं व्हायोलिनवाले बोलतात."

"बोलू द्या की. पर त्यास्नी सांगून ठिवा, चार म्हंजी चारच."