विमान उशिरा सुटलं की दहा हजार मिळतात?

गेल्या काही महिन्यांत हा मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आमच्या सेल्सच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, कॉलेजच्या मित्रांकडून, आणि एकदा चुलत सासऱ्यांकडून. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मजकूर असा: ‘विमान दोन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटलं तर डीजीसीएच्या नियमाप्रमाणे कंपनीला प्रत्येक प्रवाशाला १०,००० रुपये द्यावेच लागतात. हवामानाचं कारण सांगून फसवतात, ऐकू नका. पैसे मिळेपर्यंत विमानात बसू नका. सहा तास झाले की हॉटेल फुकट. परदेशात जाताना ६०० युरो. नॉन-रिफंडेबल तिकिटाचा मात्र एक पैसा परत मिळत नाही. सगळ्यांना पाठवा.’

मी चाकणच्या एका कारखान्यासाठी मशीनचे सुटे भाग विकतो. महिन्यातून तीन-चार वेळा लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, जाणं ठरलेलं. एरवी असे मेसेज मी सोडून देतो. हा सोडवत नाही, कारण माझ्या हाताखालच्या एका मुलाने तो खरा मानला. त्याचं दिल्लीचं विमान साडेतीन तास लांबलं. बोर्डिंग सुरू झालं तेव्हा हा मोबाइलवरचा मेसेज दाखवत गेटवर वाद घालत उभा राहिला. गेट बंद झालं. कागदोपत्री तो ‘नो-शो’ ठरला, म्हणजे प्रवासी आलाच नाही. तिकीट गेलं, आणि फरिदाबादच्या ग्राहकाची भेटही गेली.

म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, उशिराचे दहा हजार. असा नियम नाही. डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रवाशांच्या सोयींचा जो नियम २०१० मध्ये काढला आणि पुढे वेळोवेळी सुधारला (सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४), त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: तिकीट असून जागा नाकारणं, विमान रद्द होणं, आणि विमानाला उशीर होणं. पैशांची भरपाई पहिल्या दोन्हींना आहे, उशिराला नाही. उशिराला मिळतं ते खाणंपिणं. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास झाला तर, आणि त्याहून लांबच्याला चार तास झाला तर. म्हणजे पुणे-दिल्ली दोन तास लांबलं की तुमचा हक्क अल्पोपाहाराचा. तो जरूर मागा, पुष्कळ वेळा मागितल्याशिवाय मिळत नाही.

याच नियमात आपल्यासारख्यांच्या खऱ्या उपयोगाची एक ओळ आहे आणि तीच या मेसेजमध्ये नाही. देशांतर्गत विमान सहा तासांपेक्षा जास्त लांबणार असेल, तर कंपनीने सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असा पर्याय द्यायचा असतो. दुपारची मीटिंग हुकणारच असेल तर रात्री दिल्लीत उतरून करायचं काय? पूर्ण रिफंड घ्यावा आणि घरी परतावं. दहा हजारांसाठी भांडणारा माणूस हा पर्याय मागायचाच विसरतो.

मग दहा हजार हा आकडा आला कुठून? विमान रद्द होण्याच्या नियमातून. तिथे टप्पे आहेत. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,०००, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, दोन तासांहून लांबच्याला १०,०००. मुंबई-नागपूर मधल्या टप्प्यात बसतं, पुणे-दिल्ली शेवटच्या. पण प्रत्येक आकड्यापुढे एक अट आहे, ती मेसेजमध्ये कापली गेली: हा आकडा किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. समजा तुमच्या दिल्लीच्या तिकिटात मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ४,२०० रुपये आहेत, तर भरपाई ४,२००. दहा हजार ही कमाल मर्यादा आहे. शिवाय ही भरपाई वेळेत न कळवल्याबद्दल आहे. उड्डाणाच्या २४ तास आधीपर्यंत कंपनीने रद्द झाल्याचं कळवलं असेल, तर पर्यायी विमान किंवा रिफंड एवढंच मिळतं.

हा आकडा इतका पसरण्याला डिसेंबर २०२५ सुद्धा कारण असावा, असं मला वाटतं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर इंडिगोची हजारो उड्डाणं काही दिवसांत रद्द झाली, आणि जास्त हाल झालेल्या प्रवाशांना कंपनीने १०,००० रुपयांची प्रवास व्हाउचर जाहीर केली. ती त्या प्रसंगापुरती होती आणि नियमातल्या भरपाईच्या वर होती. लोकांच्या मनात दोन्ही एक झाले.

जागा नाकारली गेली तर रक्कम मोठी असते. जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली असतील, तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे असतात. तुम्ही वेळेत हजर असून तुम्हाला मागे ठेवलं आणि तासाभरातल्या दुसऱ्या विमानात बसवलं, तर काही मिळत नाही. चोवीस तासांच्या आत नेलं तर मूळ भाड्याच्या २०० टक्के अधिक इंधन शुल्क, कमाल १०,०००. त्याहून उशिरा नेलं तर ४०० टक्के अधिक इंधन शुल्क, कमाल २०,०००. बिझनेस क्लासचं तिकीट असून मागे खालच्या वर्गात बसवलं, तर फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. म्हणून काउंटरवर शब्द जपून वापरा. ‘फ्लाइट लेट आहे’ म्हणाल तर तुम्हाला चहा आणि सँडविच मिळेल. विमान रद्द झालं असेल तर ‘रद्द’ म्हणा, जागा नाकारली असेल तर ‘डिनाइड बोर्डिंग’ म्हणा, आणि ते लेखी मागा.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. ‘द्यावेच लागतात’ हे शब्द. ज्यांनी बुकिंगमध्ये संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नाही, त्यांना भरपाई देण्याचं बंधन कंपनीवर नाही, असं नियमात स्पष्ट आहे. कामासाठी फिरणाऱ्या माणसाचं तिकीट कोण काढतं? ऑफिसचं ट्रॅव्हल डेस्क किंवा ठरलेला एजंट. आणि बुकिंगवर मोबाइल नंबर कुणाचा असतो? त्यांचाच. दोन वर्षांपूर्वी मी पहाटे पाचला विमानतळावर पोहोचलो तेव्हा कळलं की विमान दोन दिवसांपूर्वीच रद्द झालंय. एसएमएस एजंटच्या नंबरवर गेला होता. शनिवार होता, त्याने पाहिला नाही. कंपनीने संदेश पाठवल्याची वेळ दाखवली. चोवीस तासांहून आधीची. मला त्यावर बोलायला जागाच नव्हती, आणि त्यांची चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या अ‍ॅडमिनला लेखी दिलं की प्रत्येक बुकिंगवर प्रवाशाचा स्वतःचा नंबर आणि ईमेल हवा. तुमचं तिकीट दुसरं कुणी काढत असेल तर आजच कंपनीच्या अ‍ॅपवर पीएनआर टाकून बघा, कुणाचा नंबर आहे ते. एजंटचा असेल तर बदलून घ्या.

याला जोडूनच दुसरी गोष्ट. पुणे-दिल्ली एका तिकिटावर आणि दिल्लीहून पुढचा परदेशाचा प्रवास दुसऱ्या तिकिटावर, असं स्वस्तात पडतं म्हणून पुष्कळ जण करतात. पहिलं विमान रद्द झालं आणि पुढचं चुकलं, तर त्याची भरपाई दोन्ही टप्पे एकाच तिकीट नंबरवर असतील तरच. वेगळ्या तिकिटांवर दुसरी कंपनी तुम्हाला ‘आला नाहीत’ एवढंच म्हणेल. वाचलेले तीन-चार हजार तिथे एका फटक्यात जातात.

हवामानाचं कारण फसवणूक असतं का? कधी खोटं सांगितलं जात असेलही, पण कारण म्हणून ते नियमातच आहे. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, दंगल, पूर, संप, सरकारी आदेश: कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. डिसेंबर २००७ मधलं इंडिगोचं दिल्ली-हैदराबाद विमान, धुकं, आणि तासन्‌तास विमानातच बसून राहिलेले प्रवासी. खालच्या पातळीवर प्रवाशाला दहा हजारांची भरपाई मंजूर झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. धुक्याच्या उशिराला कंपनी जबाबदार नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही बजावलं की अशा वेळी प्रवाशांची किमान सोय करणं टळत नाही, आणि स्वस्त तिकिटं विकणाऱ्या कंपन्यांनाही त्यातून सूट नाही. म्हणजे धुक्यात पैसे मागू नका, पाणी आणि जेवण मागा, हक्काने मागा. कारण खोटं वाटत असेल तर त्याच वेळी सुटणारी इतर कंपन्यांची विमानं बोर्डवर दिसतात. त्या बोर्डचा फोटो काढून ठेवा, वेळेसकट. नंतर तक्रारीत तो कामाला येतो.

‘पैसे मिळेपर्यंत विमानात बसू नका’ हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. भरपाई देय असली तरी ती गेटवर हातात पडत नाही, तिचा अर्ज नंतर करायचा असतो. आणि विमान तयार असताना न बसणारा प्रवासी स्वतःचा दावा स्वतःच संपवतो. आमच्या मुलाचं तेच झालं. गेटवरच्या पोरीच्या हातात यातलं काहीच नसतं, हेही एकदा लक्षात घ्यायला हवं.

हॉटेल सरसकट सहा तासांवर मिळत नाही. उशीर २४ तासांहून जास्त हवा, किंवा विमान रात्री ८ ते पहाटे ३ या वेळात सुटणारं असून उशीर सहा तासांहून जास्त हवा. सकाळी दहाचं विमान संध्याकाळी सहाला गेलं तर हॉटेल नाही.

सहाशे युरोंची गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धवट आहे आणि चुकीच्या दिशेने सांगितलेली आहे. हा युरोपीय संघाचा २००४ चा नियम, क्रमांक २६१. संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. संघाकडे जाणाऱ्या विमानाला मात्र कंपनी तिकडची असेल तरच. म्हणजे फ्रँकफर्ट-मुंबई एअर इंडियाने आलात तरी लागू, लुफ्तान्साने आलात तरी लागू. मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्तान्साने गेलात तर लागू, एअर इंडियाने गेलात तर नाही. आपल्याकडची बरीच मंडळी जाताना झालेल्या उशिराचा दावा लावायला बघतात आणि येतानाचा, जो खरोखर मिळाला असता, तो सोडून देतात. दुबई-सिंगापूरच्या प्रवासाशी या नियमाचा काही संबंध नाही. रद्द झालेल्या विमानापुरता असलेला हा हक्क २००९ च्या तिथल्या न्यायालयाच्या निकालाने उशिरालाही मिळाला, पण पोहोचायला तीन तास किंवा जास्त उशीर झाला पाहिजे. पोहोचणं म्हणजे चाकं टेकली ती वेळ नव्हे, दार उघडलं ती वेळ. भारतापर्यंतच्या अंतराला उशीर तीन ते चार तासांमधला असेल तर कंपनी ६०० चे ३०० करू शकते. असाधारण कारणांची सूट तिथेही आहे. आणि तिकिटाचे पैसे तुमच्या ऑफिसने भरले असले, तरी त्या नियमाखाली ही भरपाई प्रवास केलेल्या माणसाची असते. ब्रिटनने संघ सोडल्यावर हाच नियम स्वतःच्या कायद्यात ठेवला, लंडनहून परतताना तिथली रक्कम पौंडांत, ५२० पर्यंत. युरोपीय नियमात बदल करण्याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे, तेव्हा दावा करण्याआधी ताजा मजकूर बघून घ्यावा.

राहिलं नॉन-रिफंडेबल तिकीट. इथे मेसेज उलट्या बाजूने चुकतो आणि आपलंच नुकसान करतो. कंपनीला मूळ भाडं आणि इंधन शुल्क ठेवून घेता येतं. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं, म्हणजे तिकिटावर यूडीएफ, पीएसएफ अशा नावांनी दिसणारी, परत द्यावीच लागतात. सवलतीचं तिकीट असो, तुम्ही रद्द केलेलं असो की गेलाच नसाल. एका तिकिटामागे काही शे रुपये असतात. शंभर माणसं फिरवणाऱ्या ऑफिसने वर्षभराचा हिशेब केला तर रक्कम लहान नाही, पण ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द वाचून कुणी मागतच नाही.

मागायचं कसं, तर आधी कंपनीला लेखी, पीएनआर, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि एसएमएसचा स्क्रीनशॉट लावून. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या माणसाकडे, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही.

आमच्या त्या मुलासाठी आम्ही पहिल्या पायरीवरच पत्र लिहिलं. कर आणि विमानतळाचं शुल्क परत आलं. मूळ भाडं गेलं ते गेलंच, आणि फरिदाबादची ऑर्डर त्या महिन्यात दुसऱ्याला गेली.