टाकाचच्या नावाने फिरणारा संदेश आणि दुखावलेले मनगट

हंगेरीचा नेमबाज कारोली टाकाच याच्यावरचा एक लांबलचक संदेश मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: 1938 मध्ये हातबॉम्बने टाकाचचा उजवा हात गेला, ज्या खेळाला दोन्ही हात लागतात, तो त्याने एका हाताने, कोणाच्याही मदतीविना, गुपचूप सराव करून, निव्वळ इच्छाशक्तीच्या जोरावर जिंकला, हा वर्षभराचा चमत्कार, ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा तो जगातला पहिला अपंग खेळाडू आणि आपल्या प्रकारात ते राखणाराही पहिलाच, तेव्हा दुखापत ही हरणाऱ्यांची सबब असते. परवा हा संदेश माझ्या भाचीला तिच्या काकांनी पाठवला. ती पिस्तूल नेमबाजी करते, तिच्या मनगटाला सूज आहे आणि डॉक्टरांनी तिला पिस्तूल उचलायला सक्त मनाई केली आहे. ‘तो हात गमावून खेळला, तू दुखण्याचे काय घेऊन बसलीस?’ असे त्याखाली लिहिले होते.

दोन हातांचे विधान तर ज्याने पिस्तूल नेमबाजी एकदाही पाहिलेली नाही तोच करू शकतो. ऑलिंपिकमधले पिस्तूल नियमानेच एका हाताने चालवायचे असते. दुसरा हात खिशात किंवा कमरेला असतो. टाकाचची अडचण वेगळी होती आणि ती संदेशातल्यापेक्षा अवघड होती. रॅपिड फायर प्रकारात शेजारी शेजारी पाच लक्ष्ये असतात. प्रत्येकावर एक याप्रमाणे पाच गोळ्या आधी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंदांत झाडायच्या असतात. चार सेकंदांत हात वर यायचा, एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे सरकायचा आणि प्रत्येक वेळी बोटाने चाप न हिसकता दाबायचा. उजव्या हाताला वर्षानुवर्षे लागलेले हे वळण त्याला डाव्या हाताला पहिल्यापासून लावावे लागले.

आता माझ्या संतापाचे खरे कारण. टाकाच जखमी हाताने कधीच खेळला नाही. तो आधी रुग्णालयात राहिला आणि नंतर त्याने धडधाकट हाताने सराव केला. सुजलेल्या मनगटाने पिस्तूल उचल, असे एखाद्या मुलीला सांगताना त्याचे नाव घेणे म्हणजे त्याने जे केले त्याच्या नेमके उलट करायला सांगणे आहे. अशा हट्टाने दुखणे कायमचे मागे लागते आणि तिच्याजवळ टाकाचसारखा तयार केलेला दुसरा हात नाही.

त्याने गुपचूप सराव केला आणि 1939 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, हे मात्र मान्य करावे लागते. परंतु त्याच वर्षी जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या हंगेरीच्या संघातही तो होता, ही गोष्ट संदेशातून गायब आहे, कारण संघ आला की ‘कोणाच्याही मदतीविना’ टिकत नाही. ‘पहिला अपंग सुवर्णविजेता’ हेही खोटे आहे. लाकडी पायाच्या जॉर्ज आयझरने 1904 मध्ये जिम्नॅस्टिक्समध्ये तीन सुवर्णपदके मिळवली होती आणि टाकाचच्याच देशाचा, गुडघ्याखाली एक पाय नसलेला ऑलिव्हर हलाशी 1932 आणि 1936 च्या विजेत्या वॉटर पोलो संघात होता.

राहिला कालावधीचा प्रश्न, आणि त्यासाठी लंडन ऑलिंपिकचा निकाल पुरेसा आहे. 1948 मध्ये टाकाचचे 580 गुण झाले, तो विश्वविक्रम होता. अर्जेंटिनाचा साएन्स व्हॅलिएंते 571 वर आणि स्वीडनचा लुंडक्विस्ट 569 वर राहिला. अपघात आणि हे सुवर्ण यांच्यात दहा वर्षे गेली. वयाच्या 28 व्या वर्षी हात गमावलेला माणूस 38 व्या वर्षी ऑलिंपिक विजेता झाला, आणि दहा वर्षांची ही मेहनत ‘वर्षभराच्या चमत्कारा’पेक्षा मला कितीतरी मोठी वाटते. 1952 मध्ये हेलसिंकीत 579 गुणांसह त्याने सुवर्ण राखले. या प्रकारात असे करणारा तो पहिलाच, एवढे संदेशात बरोबर आहे. त्या दिवशी रौप्यपदक मिळवणारा सिलार्ड कुन त्याच्याच हाताखाली तयार झालेला होता आणि गुरूपेक्षा एकच गुण मागे होता. 1956 मध्ये मेलबर्नला टाकाच आठवा आला. संदेशात कुन नाही आणि मेलबर्नही नाही.