गरम कान, थंड कान

आवाज करायला शिकावं लागतं, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत अशी होती की आवाज आपसूक होतो, शिकावं लागतं ते गप्प बसायला.

निमित्त घंटेचं. जाँ-क्लोद रिसे नावाच्या फ्रेंच संगीतकाराने १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये संगणकावर घंटेचा आवाज तयार केला, असं वाचनात आलं. रेकॉर्डिंग वगैरे काही नाही. अकरा साध्यासुध्या लहरी, प्रत्येकीची पट्टी वेगळी, जोर वेगळा, विरून जायचा वेळ वेगळा. अकराच्या अकरा एकदम सोडल्या की घंटा. मी मनाशी म्हटलं, अकराच तर आहेत! पुढे बारा कोणाचे वाजणार आहेत, हा विचार तेव्हा शिवला नाही.

यासाठी ‘प्युअर डेटा’ नावाचं सॉफ्टवेअर मिळतं. फुकट आहे. मिलर पकेट यांनी ते १९९०च्या दशकात लिहिलं. त्याआधी त्यांनीच पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत याचा थोरला भाऊ ‘मॅक्स’ लिहिला होता आणि त्याचं नाव ठेवलं गेलं मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून. या मॅथ्यूजनी १९५७ साली आयबीएम ७०४ या खोलीभर पसरलेल्या यंत्राकडून १७ सेकंदांची धून वाजवून घेतली होती. माझा संगणक मांडीवर मावतो. त्याच्याकडून पहिला एक सेकंद वाजवून घ्यायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम लिहायचा नसतो, काढायचा असतो. पांढऱ्याशुभ्र खिडकीत चौकटी काढायच्या, चौकटीत तिचं काम लिहायचं, आणि एका चौकटीतून दुसरीत वायर ओढायची. या चित्राला पॅच म्हणतात. ‘प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं’ असं सगळे सांगतात. चालतं हे खरं आहे. कुठे चालतं, ते कळत नाही.

पहिली चौकट लहर काढणारी. तिचं नाव ‘ऑस्क’. मी ऑस्क लिहिलं, शेजारी ४४० लिहिलं. चौकटीभोवती तुटक रेघ आली आणि दुसऱ्या खिडकीत तक्रार उमटली की असलं काही बनवता येत नाही. बऱ्याच वेळाने कळलं की नावापुढे ‘~’ हे नागमोडी चिन्ह लागतं. टिल्ड म्हणतात त्याला. ते एस्केपच्या खालच्या बटणावर असतं, ज्याला माझं बोट जन्मात कधी लागलं नव्हतं. टिल्ड असेल तर त्या चौकटीतून खराखुरा ध्वनी वाहतो, सेकंदाला ४४,१०० आकडे, अखंड. टिल्ड नसेल तर ती चौकट नुसती निरोप्या, कोणी काही सांगितलं तरच बोलणार. ध्वनीची वायर जाड दिसते, निरोपाची बारीक. हा फरक पडद्यावर दिसायला मला चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा लागला. त्याचं श्रेय मी सॉफ्टवेअरला देतो.

तर टिल्डसकट ऑस्क, तिच्याखाली आवाज बाहेर नेणारी ‘डॅक टिल्ड’, मध्ये जाड वायर. शांतता. वायर काढून पुन्हा जोडली, ४४०चे ८८० केले, स्पीकरला हलकी थप्पडही मारून पाहिली. पहिली संध्याकाळ गेली. दुसऱ्या संध्याकाळी मी ऑडिओच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि तिथे जे जे बदलता येईल ते बदललं. तिसऱ्या संध्याकाळी दिसलं की मुख्य खिडकीत ‘डीएसपी’ लिहिलेला एक इवलासा चौकोन आहे. त्यात खूण केल्याशिवाय ध्वनीचा कारखाना सुरूच होत नाही. म्हणजे तीन दिवस मी नळ दुरुस्त करत होतो आणि मेन कॉक बंद होता.

खूण केली. आता, लहर बनवणारी चौकट उणे एक ते अधिक एक अशी पूर्ण ताकदीने लहर बनवते. मध्ये गुणाकाराची चौकट ठेवून ती ०.१ वगैरेवर आणायची असते, म्हणजे आवाज २० डेसिबलने उतरतो. हे मी नंतर वाचलं. आणि स्पीकर? शांततेशी झगडताना तीन दिवसांत तो मी कमाल मर्यादेपर्यंत नेऊन ठेवला होता.

रात्रीचे साडेदहा झाले होते. बायको झोपेतून उठून दारात आली. तिने काही विचारलं नाही, फक्त पाहिलं. मी संगणकाचं झाकण बंद केलं, तरी आवाज निदान दोन सेकंद चालू राहिला, किंवा मला तरी तसं वाटलं. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “अरे, फोन कोणी उचलून ठेवलाय?”

आईबद्दल सांगायला हवं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय हे नावानिशी सांगायची. लँडलाइन घरातून जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझी पहिली लहर तिने अचूक ओळखली. जुना डायल टोन असाच सपाट, एकसुरी असायचा. त्या दिवसापासून तिला मी न सांगता परीक्षक नेमून टाकलं.

पुढची अडचण हाताची. पॅच बदलायची एक अवस्था आणि वाजवायची दुसरी. कंट्रोल आणि ई दाबून एकीतून दुसरीत जायचं. मी दर वेळी चुकीच्या अवस्थेत असायचो. आकडा वाढवायला ओढावा तर अख्खी चौकटच हातात यायची, आणि चौकट हलवायला जावं तर आकडा वाढून बाण सुटल्यासारखा आवाज वर जायचा. “आता कोण शिट्टी मारतंय?” आईने विचारलं.

पण खरी गंमत कानांची. प्रत्येक चौकटीच्या वरच्या अंगाला वायर घ्यायच्या जागा असतात. त्यांना इनलेट म्हणतात, मी कान म्हणतो. डावा कान गरम, बाकीचे थंड. ही माझी विनोदबुद्धी नव्हे, ते लोक खरंच त्यांना गरम आणि थंड म्हणतात. थंड कानात काही सांगितलं की चौकट ऐकून घेते, लक्षात ठेवते आणि ढिम्म हलत नाही. गरम कानात काही पडलं की मगच कामाला लागते. बेरजेच्या चौकटीत मी आधी डावीकडे ५ दिले, मग उजवीकडे ३. उत्तर ५. पुन्हा केलं तर ८. गणित बरोबर यायला आधी उजव्या कानात सांगून ठेवायचं आणि मग डाव्या कानाला चिमटा काढायचा. पाच अधिक तीन आठ होतात हे सिद्ध करण्यात मी दोन संध्याकाळी घालवल्या.

त्यात आणखी एक चावटपणा असा की एकाच तोंडातून दोन वायर काढल्या तर आधी कुठली धावणार हे आपण कोणती आधी जोडली यावर ठरतं. चित्रात ते दिसत नाही. त्यामुळे दोन हुबेहूब दिसणारे पॅच असू शकतात, एक चालणारा आणि एक न चालणारा. यावर ‘ट्रिगर’ नावाची चौकट हा उपाय आहे, ती उजवीकडून डावीकडे शिस्तीत एकेक निरोप सोडते. ज्याने कोणी ती बनवली त्याला घरात चार माणसांना एकाच वेळी निरोप द्यायचा अनुभव असणार.

हे सगळं मी उत्साहाने बायकोला समजावलं.

“म्हणजे ऐकायचं, लक्षातही ठेवायचं आणि जागचं उठायचं नाही?”

“बरोबर. थंड कान.”

“मग तुला यात शिकायचं काय राहिलंय? तुझे दोन्ही तसेच आहेत.”

जॉन चाउनिंग या अमेरिकन संगीतकाराने १९६७ साली स्टॅनफर्डमध्ये स्वराचा कंप वाढवत नेला आणि एका टप्प्यावर कंप ऐकू येईनासा होऊन स्वराचा पोतच बदलला. हात सहज पुढे गेला आणि एफएम सिंथेसिस, म्हणजे एका लहरीने दुसरीला हलवून नवे आवाज घडवायचं तंत्र, सापडलं. १९८३ साली यामाहाचा डीएक्स७ हा कीबोर्ड त्यावर निघाला आणि जगभर वाजला. हे वाचल्यापासून मीही अपघातांची वाट पाहू लागलो. अपघात भरपूर झाले. आकड्याला एक मिळवून तो परत स्वतःच्याच गरम कानात घातला तर ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ होतो, हा माझा एक शोध. माइकची चौकट थेट स्पीकरच्या चौकटीला जोडली तर घरातलं प्रत्येक माणूस वेगवेगळ्या खोलीतून एकाच वेळी एकाच जागी पोचतं, हा दुसरा. पोत मात्र कशाचाच बदलला नाही. माझाच बदलला असेल तर असेल.

शेवटी घंटेला हात घातला. एक लहर घेतली, तिचा जोर सरळ रेषेत शून्यावर उतरवला. ऐकताना वाटलं, कोणीतरी रेडिओचं बटण हळूहळू पिळतंय. वाजून विरणाऱ्या वस्तू सरळ रेषेत विरत नाहीत, आधी झपकन उतरतात आणि मग शेपटी रेंगाळत राहते. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. एकावरून शून्यावर उतरणाऱ्या रेषेला स्वतःनेच गुणायचं आणि जे येईल त्याला पुन्हा स्वतःने. अर्ध्या वाटेवर जोर निम्मा असायचा, तो सोळाव्या हिश्शावर येतो. दोन गुणाकारांत रेडिओचं बटण गेलं आणि काहीतरी धातूचं आल्यासारखं वाटलं. या शोधाच्या आनंदात मी चहा दोनदा गार केला.

सुरुवातीला मात्र ‘टक्’ व्हायचं. लहर मधूनच एकदम सुरू केली की स्पीकरचा पडदा उडी मारतो आणि तो टक् ऐकू येतो. सुरुवात पाच मिलिसेकंदांत चढवली तेव्हा तो गेला.

मग त्या एका लहरीच्या दहा प्रती काढल्या. एकच मूळ ठेवून सगळ्या प्रती त्यावरून चालवता येतात, हे माहीत नव्हतं. त्यामुळे एक चूक सापडली की ती अकरा ठिकाणी सुधारायची, आणि आठव्या ठिकाणी मी हमखास नवी करायचो. पडद्यावर वायरींचं असं जंजाळ झालं की बायकोने एकदा मागून पाहून “फ्यूज उडालाय का?” असं काळजीने विचारलं.

रिसेच्या यादीत पट्टीचे गुणक दिलेले आहेत. ०.५६, परत ०.५६, ०.९२, परत ०.९२, मग १.१९, असं करत ४.०७पर्यंत. तोच आकडा दोनदा? मी म्हटलं, छपाईची चूक. पुढे बारीक टाइपात काहीतरी होतं, पण बारीक टाइप हा आमच्यात सहीच्या आधी वाचायचा प्रघात नाही. दोन चौकटी उडवल्या, नऊवर भागवलं आणि वाजवलं.

“झाकण पडलं का रे?” आई म्हणाली.

जोर बदलले. “झाकणच.” वेळ बदलले. “आता मोठं झाकण.”

तीन दिवस मी वेगवेगळ्या मापांची झाकणं पाडली. मग निमूट बारीक टाइप वाचला. जोडीतल्या दुसऱ्या ०.५६मध्ये १ हर्ट्झ आणि दुसऱ्या ०.९२मध्ये १.७ हर्ट्झ मिळवायचे होते. माझा मूळ आकडा ६००. म्हणजे एक लहर ३३६ची आणि तिची जुळी बहीण ३३७ची. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं पुटपुटत उडवलेल्या दोन्ही परत आणल्या. वाजवलं आणि मी खुर्चीतच मागे रेललो. त्या दोघी दर सेकंदाला एकदा एकमेकींत मिसळत होत्या आणि सुटत होत्या. सगळ्यांत वरची, ४.०७वाली, सहा दशांश सेकंदांत ठणकून संपली होती, मधल्या एकेक करून गळाल्या आणि तळाशी त्या दोघी आठ सेकंद तशाच हेलकावत राहिल्या. झाकण असं हेलकावत नाही.

आई या वेळी उठून आली. डोळे मिटून पुन्हा एकदा वाजवायला लावलं.

“ही तास संपल्याची,” ती म्हणाली. “शाळा सुटल्याची नाही.”

“काय फरक आहे?”

“तास संपल्याचा एकच टोल. सुटल्याची वाजवायला लागला की शिपाई थांबतच नाही. फाटकाबाहेर शेवटचं पोर जाईपर्यंत वाजवतो.”

“थांब, आत्ता सुटते शाळा.”

“बघू.” ती आत गेली. मी आवाज बंद केला, म्हणजे मध्येच काही किंकाळी नको. ठरावीक वेळाने टिचकी मारणारी ‘मेट्रो’ नावाची चौकट काढली. उजव्या कानात २५० मिलिसेकंद सांगून ठेवले. तिच्या तोंडातून अकराही चौकटींच्या गरम कानांत वायर नेल्या, एकेक मोजून. आईला हाक मारली. ती आली, शेजारी खुर्ची ओढून बसली, पदराने चष्मा पुसला. मी मेट्रोच्या डाव्या कानात टिचकी मारली.

काही नाही.

कंट्रोल, ई. पुन्हा टिचकी. काही नाही. अकरा वायर वरून खाली मोजल्या, खालून वर मोजल्या. तिसऱ्या जोडणीचा वहीम आला म्हणून ती काढून परत जोडली. स्पीकर पिळला. “होतं असं कधी कधी,” मी म्हटलं. आई काही बोलली नाही. वही तपासताना बसायची तशी जरा पुढे झुकून ती पडद्याकडे बघत होती.

“तो वर कोपऱ्यात चौकोन आहे ना रे,” तिने बोट केलं, “डी, एस, पी. तो रिकामा का सोडलायस?”