सिंकमधले ताम्रजल

खरकटी भांडी तांब्याच्या सिंकमध्ये घासणे हा तांब्याचा अपमान आहे, असे शेजारच्या अण्णांनी आज सकाळी आमच्याच स्वयंपाकघरात उभे राहून मला सुनावले. नव्या सिंकचे कौतुक करायला येणाऱ्यांना मी आतापर्यंत चहा पाजला. अण्णा मात्र स्वतःची रिकामी बाटली घेऊन आले होते.

"तुम्ही असं करा," ते म्हणाले, "रात्री बूच लावून सिंक काठोकाठ भरून ठेवा. सकाळी मी बाटली भरून नेत जाईन. रात्रभर मुरलेलं ताम्रजल, अहो!"

"अण्णा, रात्री त्यात माशाची कढई घासलेली असते."

"तांबं जंतू मारतं."

"साबण मारत नाही."

"साबण मारायचा कशाला? साबण तर स्वच्छच असतो!"

यावर मला काही सुचले नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात थोडे तथ्य असावे याचा मला अधिकच राग आला. तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू मरतात हे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही २००८ साली मान्य केले आहे. पण ते स्वच्छ, उघड्या तांब्यावर आणि दोन तासांच्या अवधीत, नळाखालून क्षणात वाहून जाणाऱ्या पाण्यात नव्हे. पारदर्शक लेप दिलेल्या सिंकमध्ये तर जंतूंची तांब्याशी गाठच पडत नाही. हे मी समजावत असताना अण्णा बोटाच्या पेराने सिंक वाजवून पाहत होते. "किती गेजचं?" सोळा, असे मी सांगताच ते हळहळले, "वीसचं घ्यायचं होतं, जाड आलं असतं." गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे त्यांना कोणी सांगावे?

सिंकच्या अंगावरचे ठोके मात्र त्यांना ओळखीचे वाटले, कारण पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम त्यांनी लहानपणी पाहिलेले आहे. तांबे मुळात मऊ असते. हातोडीचे ठोके बसत जातात तसे ते कडक होते, आणि म्हणूनच घंगाळे घरातल्या पिढ्यान्‌पिढ्यांचे आदळणे-आपटणे सोसतात. त्या घंगाळाच्या आठवणीने भारावून अण्णांनी मला आता तांब्याचा टबही घेण्याचा सल्ला दिला. बंबातले कढत पाणी घंगाळात विसणायचे आणि तांब्यातांब्याने अंगावर घेऊन मोकळे व्हायचे, यात पाणी निवायला सवड मिळत नाही. पण स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीस पट उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या एकेरी पत्र्याच्या टबात तास-तास पडून राहायचे, तर आपल्याबरोबर न्हाणीघराची हवाही तापवावी लागेल, आणि त्या गॅसचे बिल अण्णा भरणार नाहीत.

बोलता बोलता त्यांनी ओट्यावरचे आमसूल उचलले आणि "काळं पडलंय हो" म्हणत सिंकच्या ऐन मध्यावर चोळले. तांब्यावर काळानुसार चढणारा तपकिरी थर हा मळ नसून ऑक्साइड असतो, आणि तो जमला की खालचा धातू जपला जातो. आंबटाने तो क्षणात विरघळतो. आता तिथे अण्णांच्या तळहाताएवढा गुलाबी, लखलखीत डाग आहे, आणि आमची बाई मला विचारते आहे की बाकीचे सिंक असे कधी घासायचे.

डाग आपोआप मिसळून जाईल, फक्त चिंच, लिंबू, कोकम, मीठ, गरम तवा आणि तारेची घासणी यांपासून सिंक जपा, असे दुकानदाराने फोनवर अत्यंत प्रेमाने सांगितले; हे प्रेम त्याला पैसे घेण्यापूर्वी का सुचले नाही, हे विचारायच्या आत त्याने फोन ठेवला. आमच्यासारख्या कोकणी घरात एवढे सगळे वगळल्यावर सिंकमध्ये टाकण्याजोगे पाणी तेवढे उरते, आणि त्यावर अण्णांनी हक्क सांगितला आहे.