रोमन पुतळे ‘मुळातच पांढरे’ नव्हते

सध्या एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: रोमन लोकांना संगमरवर पांढराच हवा असे, पुतळे रंगवत असल्याची गोष्ट संग्रहालयांनी अलीकडे रचली आणि रंग असता तर उत्खननात दिसला असता.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण लोकांना तोच पटतो. इटलीतल्या हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहरात २००६ साली ग्रीक दंतकथांतल्या ॲमेझॉन योद्धा स्त्रीचं संगमरवरी मस्तक सापडलं. त्यावर रंग उघड्या डोळ्यांना दिसतो: केस तांबूस, बुबुळं रंगवलेली, पापण्या बारीक रेघांनी काढलेल्या. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेल्यामुळे ते टिकलं. एरवी रंग धरून ठेवणारं अंडं किंवा मेण मातीत कुजतं आणि रंगाचे कण दगड सोडून मातीला चिकटतात. असा तुकडा उन्हात झटपट वाळवला की मातीचा पापुद्रा रंगासकट सुटतो, घासून धुतला तर उरलासुरला रंग पाण्याबरोबर जातो. आम्लानं तर दगडाचा वरचा थरच विरघळतो. जुन्या काळी हे सर्रास होई, पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे काढतानाही रंग निघून येई. म्हणून तुकडा सावलीत हळूहळू वाळवावा. केसांच्या बटा, नाकपुड्या, वस्त्राच्या चुण्या यांतली माती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय काढू नये आणि काढलेली माती जपून ठेवावी.

‘अलीकडे रचलं’ हे तर सपशेल खोटं. रोमजवळच्या प्रिमा पोर्ता इथला सम्राट ऑगस्टसचा पुतळा १८६३ मध्ये सापडला तेव्हाच त्यावर रंगाच्या खुणा होत्या. रोममध्ये १८८४ साली मिळालेल्या, आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या ‘ट्रॉय’ (Treu; ट्रॉय शहर नव्हे, जर्मन अभ्यासकाचं नाव) मस्तकावर इजिप्शियन निळा रंग त्वचेत आणि डोळ्यांच्या पांढऱ्या भागातही मिसळलेला आढळला. साध्या प्रकाशात तो जाणवत नाही. पण दृश्य प्रकाश टाकून फक्त इन्फ्रारेड टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं पाहिलं, की या रंगाचा बारीकसा कणही लख्ख चमकतो.

पांढरेपणाचं म्हणाल तर याच रोमन लोकांनी ट्युनिशियाचा पिवळा संगमरवर आणि इजिप्तचा जांभळट पोर्फिरी दगड मुद्दाम मागवला.

प्रतिकृती भडक दिसतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. पुष्कळदा हाती लागतो तो फक्त खालचा थर, वरच्या छटा गेलेल्या असतात. सपाट रंगवलेली प्रतिकृती पाहून मूळ कामाचा अंदाज बांधू नये. त्यासाठी हर्क्युलेनियमच्या त्या पापण्या पाहाव्यात.