‘एकच दमदार अ‍ॅक्सेस पॉइंट पुरतो’ या संदेशाबाबत खुलासा

कार्यालयात वापरतात तसा एकच शक्तिशाली अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचे सिग्नल पसरवणारे यंत्र) जिन्यात लावला की दुमजली घरात सर्वत्र पूर्ण वेगाने नेट मिळते, असा संदेश नागपुरातील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत आहे. तो खरा नाही.

वायफाय हा दुतर्फा संवाद आहे; यंत्राची शक्ती कितीही वाढवली तरी फोनचे क्षीण उत्तर काँक्रीटचा स्लॅब ओलांडून त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि म्हणूनच पडद्यावर पूर्ण रेंज दिसत असतानाही व्हिडिओ कॉल अडखळतो. खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक मजल्यावर मध्यम शक्तीचा एक अ‍ॅक्सेस पॉइंट आणि त्या प्रत्येकापर्यंत शुद्ध तांब्याची कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल, जिच्यातून पीओई स्विच (अशा केबल एकत्र जोडणारे, डेटाबरोबर वीजही देणारे उपकरण) वीजही पुरवतो. केबलची मर्यादा १०० मीटर असल्याने घरात अंतराची अडचण येत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त केबल मात्र कृपया घेऊ नये.

उन्हाळ्याचा विचार तर येथे टाळताच येत नाही: मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर घरात लावायच्या बऱ्याच उपकरणांची कार्यमर्यादा ४० अंशांची असते, त्यामुळे स्विच गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत किंवा बंद कपाटात ठेवू नये.