'आधार दाखवा आणि मत द्या' हा मेसेज चुकीचा आहे, प्लीज पुढे पाठवू नका

निवडणूक आली की हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो, आमच्या नवी मुंबईतल्या नेरुळच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण दरवेळी येतो. यादीत नाव नसेल तर आधार किंवा मतदार कार्ड दाखवून कलम ४९ए खाली 'चॅलेंज वोट' मागा, तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर 'टेंडर वोट' मागा, आणि बूथवर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर वोट पडले तर तिथे परत मतदान घेतात, असं त्यात लिहिलेलं असतं. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो हो, पण यातलं फक्त टेंडर वोटचं थोडंफार खरं आहे, आणि बाकीच्यावर विश्वास ठेवून लोकांची मतं जातात म्हणून एवढं लिहितेय.

आधी सगळ्यात घातक मुद्दा, यादीत नाव नसलं तरी चालतं हा. नाही चालत. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ मध्ये स्पष्ट आहे की मतदार यादीत नाव नाही त्याला मत देता येत नाही. कार्ड आणि आधार हे फक्त तुम्ही कोण ते सांगायला. उलट यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलंय, तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट यातलं काहीही चालतं. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या वेळी आमच्या केंद्राबाहेर टेबलावर एक काकू आल्या, हातात डोंबिवलीच्या पत्त्याचं जुनं कार्ड आणि मोबाईलवर हाच मेसेज उघडलेला, आणि "अहो कार्ड आहे ना माझ्याकडे, मग मत का नाही देता येणार" म्हणून त्या परत परत विचारत होत्या. टेबलावरच्या पोराने यादी दोनदा चाळली, नाव नाहीच. मत न देताच गेल्या बिचाऱ्या. घर बदलल्यावर फॉर्म ८ भरला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

चॅलेंज वोट म्हणजे मतदाराचा हक्क वगैरे काही नाही. समोर आलेला माणूस खरा मतदार नाही अशी शंका आली तर उमेदवाराचा पोलिंग एजंट दोन रुपये भरून आक्षेप घेतो, त्याला चॅलेंज म्हणतात, मग केंद्राध्यक्ष चौकशी करून ठरवतो. आणि ४९ए हा १९६१ च्या निवडणूक घेण्याच्या नियमांतला नियम आहे, तो मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे!

टेंडर वोट मात्र खरंच असतं, नियम ४९पी. तुमचं नाव यादीत आहे पण कोणीतरी आधीच टाकून गेलंय, तर तुमची ओळख पटल्यावर कागदी मतपत्रिका देतात. ती मशीनमध्ये जात नाही, वेगळ्या पाकिटात बंद होते आणि मतमोजणीच्या दिवशी मोजत नाहीत. निकाल कोर्टात गेला तरच तिचा विषय निघतो, जसं राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले आणि टेंडर मतांचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तरी तुमच्यावर अशी वेळ आली तर नक्की मागा, नुसतं चिडून घरी जाऊ नका.

१४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही. मशीन बिघडलं, पळवलं, बूथ ताब्यात घेतला किंवा प्रक्रियेत मोठी गडबड झाली तर फेरमतदान होतं, आणि ते निवडणूक आयोग ठरवतो.

आणि एका मताने काय फरक पडतो म्हणणाऱ्यांना आपल्या बेलापूर विधानसभा मतदारसंघाचाच निकाल सांगते, २०२४ ला मंदा म्हात्रे ३७७ मतांनी निवडून आल्या. आपल्याकडे दोन-तीन मोठ्या सोसायट्यांत एवढे मतदार सहज निघतील. ऐरोलीहून नेरुळला आलात तर विधानसभा मतदारसंघ बदलतो, खारघरला गेलात तर लोकसभेचा पण बदलतो, ठाण्याचा मावळ होतो. भाड्याने राहणारे दर दोन वर्षांनी घर बदलतात आणि नाव जुन्या पत्त्यावरच राहतं, आपल्याकडे खरा प्रॉब्लेम हा आहे.

म्हणून आत्ताच १९५० ला फोन करा किंवा आयोगाच्या वेबसाईटवर नाव शोधा. पहिल्यांदा नोंदणी असेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर ८. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादीत बदल होत नाही. महापालिकेला तर अजून आधी, १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी वापरली होती. फॉर्म भरल्यावर रेफरन्स नंबर लिहून ठेवा आणि यादीत नाव दिसेपर्यंत बीएलओला (आपल्या बूथची मतदार यादी बघणारा अधिकारी) विचारत राहा.